क्रिप्टो: दुबईत परवाना, चीनमध्ये बंदी, आपल्याकडं नुसता कर. असं का?

सातवी_गल्ली

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. जुलै आला की आमच्याकडं रिटर्न भरणाऱ्यांची जत्रा. परवा एक पोरगं आलं, उद्यमनगरात सीएनसी मशीनवर आहे, पगार बरा आहे. मोबाईल पुढं सरकवला आणि म्हणालं, "काका, यात तीस हजार तोटा झालाय. काय परत मिळतंय का बघा."

बघितलं. बिटकॉइनमध्ये ८०,००० फायदा. दुसऱ्या एका नाण्यात, ज्याच्या चित्रावर कुत्रं होतं, १,१०,००० तोटा. त्याच्या हिशेबानं वजा तीस हजार. प्राप्तिकराच्या हिशेबानं मात्र कुत्र्याचा तोटा कुत्र्यापाशीच राहतो, तो बिटकॉइनच्या फायद्यातनं वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. म्हणजे ८०,००० वर ३० टक्के, २४,०००. वर ४ टक्के उपकर, ९६०. वर्षभरात त्यानं चार लाखांची विक्री केलेली, त्यातनं १ टक्का टीडीएस म्हणून ४,००० आधीच कापलेले. राहिले २०,९६०. तोट्यावर वीस हजार भरा म्हटल्यावर पोरानं कॅल्क्युलेटर माझ्या हातातनं घेऊन स्वतः परत हिशेब केला.

मग विचारतो, "कर घेत्यात म्हणजे कायदेशीर आहे नव्हं?" म्हटलं, तसं नाही रे. "मग बेकायदेशीर?" तसंही नाही. "मग माझ्या दुबईतल्या दोस्ताला एक पैसा कर न्हाई, आणि चीनमध्ये म्हणं सरळ बंदी. वस्तू एकच, मग दर सरकार येगळं का वागतंय?"

मला २०२२ च्या बजेटपासूनचा कर तोंडपाठ आहे. 'का' सांगता आलं नाही. इथं जाणकार आहेत म्हणून धागा काढलाय.

तर्रीबाज

काका, आधी त्या कुत्र्याच्या नाण्याचं नाव सांगा. मी पण घेऊन बसलोय बहुतेक.

निवृत्त_शिलकी

बँकेत उभी हयात गेली, त्यातली बारा वर्षं परकीय चलन विभागात. पोराचा प्रश्न चांगला आहे, फक्त तो उलटा धरून बघा. क्रिप्टो काय आहे हे विचारू नका. ते आलं तर त्या त्या सरकारच्या हातातनं काय जातं, ते विचारा. उत्तरं आपोआप वेगळी येतील.

आपल्याकडून सुरुवात करू. तुमची मुलगी जर्मनीत शिकायला गेली आणि तिला पैसे पाठवायचेत, तर तुम्ही बँकेत येता, फॉर्म भरता, पॅन देता, कशासाठी पाठवताय ते लिहिता. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती किती वापरली हे बघितलं जातं. रुपया देशाबाहेर न्यायचा तर खिडकी एवढीच, आणि खिडकीत माझ्यासारखा एक खडूस माणूस बसलेला. क्रिप्टोमध्ये खिडकी शिल्लक आहे, पण तिच्या बाजूची भिंत पडली आहे. पोरगं रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रुपये देऊन डॉलरला बांधलेलं नाणं घेतं आणि दुसऱ्या मिनिटाला ते जगात कुठंही पाठवतं. रिझर्व्ह बँकेला झोप कशी लागावी? म्हणूनच त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये बँकांना सांगितलं होतं, या धंद्याला खाती देऊ नका.

चीनमध्ये हीच भीती दसपट. तिथं माणशी मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर. २०१४ च्या मध्याला त्यांच्याकडं परकीय चलनाची जवळपास ४ लाख कोटी डॉलरची गंगाजळी होती, २०१७ च्या सुरुवातीला ती ३ लाख कोटींवर आली. युआन सावरण्यात आणि बाहेर पळणाऱ्या पैशात एवढं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथली क्रिप्टो एक्स्चेंज, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री होते ते बाजार, बंद झाली, हा योगायोग नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये तर सगळेच व्यवहार बेकायदा ठरवले.

आता दुसरं टोक, एल साल्वादोर. या देशानं २००१ मध्येच स्वतःचं चलन सोडून अमेरिकी डॉलर घेतला. व्याजदर त्यांच्या हातात नाही, नोट छापणं हातात नाही. परदेशातली पोरं घरी पाठवतात तो पैसा देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि त्यावर दलालीचा चावा. गमवायला चलनच नाही तर भ्यायचं कशाला? सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन कायदेशीर चलन करून टाकलं. म्हणजे ज्या महिन्यात चीननं दार पुरतं बंद केलं त्याच महिन्यात यांनी बिजागरीसकट उघडलं. पण पुढं पैसे कमी पडले. डिसेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १४० कोटी डॉलरच्या कर्जाचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुकानदारावरची बिटकॉइन घेण्याची सक्ती कायद्यातनं काढली. सावकार आला की घरातले नियम बदलतात.

गुजरीवाला

शिलकीकाका, दंडवत. पण हे आम्ही गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, आधी एकदा भोगलंय, सोन्यावर.

१९६२ ला चीनचं युद्ध झालं, परकीय चलनाचा खडखडाट. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंच्या अर्थखात्यानं सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. मग १९६८ चा कायदा: कुणाकडं किती सोनं, कारागिराजवळ किती, सगळं वहीत. माझे आजोबा सांगायचे, बावीस कॅरेटवर हात बसलेल्या माणसाला १४ कॅरेटची तार ओढायला दिली की ती तुटायची आणि कारागीर शिव्या घालायचा, कुणाला ते लिहीत नाही. किती जणांनी पेढी सोडून दुसरीकडं नोकरी धरली. लोकांनी सोनं घ्यायचं सोडलं का? छे. समुद्रावरनं यायला लागलं. आणि १९९० मध्ये तो कायदा सरकारनंच गुंडाळला. पुढच्याच वर्षी देशावर वेळ आली तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवून डॉलर उभे केले. ज्याला इतकी वर्षं चोर म्हटलं त्यानंच जामीन दिला.

क्रिप्टोला सोन्याच्या पंगतीत बसवत नाही मी, गैरसमज नको. सोनं कसावर घासून बघता येतं. सांगायचं एवढंच की बाहेर डॉलर जातोय अशी शंका आली की आपलं सरकार असंच वागतं. ती सवय जुनी आहे.

भट्टी_नं_३

मंडळी सगळी नोटांवरच बोलायलीत, विजेचं कुणी काढंना म्हणून मी काढतो. आमची फौंड्री हाय, इंडक्शन फर्नेस. महिन्याचं लाईट बिल बघितलं की मालकाला घाम फुटतो आणि लाईट गेली तर मेल्ट भट्टीतच गार. त्यामुळं कोण कुठं किती युनिट खातंय याचा मला नाद हाय.

बिटकॉइनची 'खाण' म्हणजे शेडमधी हजारो मशिनी चोवीस तास आकडेमोड करत्यात. जो आधी सोडवंल त्याला नाणं. विजेशिवाय दुसरा कच्चा माल न्हाई. एक काळ जगातली निम्म्याहून जास्त खाण चीनमधी होती. पावसाळ्यात सिचुआनच्या धरणांची वीज, एरवी शिनजियांग आणि इनर मंगोलियाचा कोळसा. मे २०२१ पासनं चीननं हाकलायला सुरवात केली, बरीच मशिनी उचलून कझाकस्तानात गेली. तिथं कोळशाची वीज स्वस्त. सहा महिन्यांत तिथल्या लोकांचं लाईट जायला लागलं, जानेवारी २०२२ मधी खाणवाल्यांची लाईनच तोडली. इराणमधी पण तेच. सरकारनं स्वस्तात दिलेली वीज खाणवाले पितायत आणि उन्हाळ्यात शहरं अंधारात, २०२१ मधी चार महिने खाण बंद ठेवली.

आणि भूतान? नद्या भरून वाहत्यात, उन्हाळ्या-पावसाळ्यात वीज जास्त होत्या. तिथं सरकारी कंपनीच बिटकॉइन काढत्या! हिवाळ्यात पाणी आटलं की वीज आपल्याकडनं विकत घेत्यात ती गोष्ट येगळी. एकच मशीन, कझाकस्तानात चोर आणि भूतानमधी जावई.

तर्रीबाज

जावई शब्द काळजाला भिडला. अवांतर: भट्टीवाले, तुमच्या शेडला एखादं मशीन बसवू का?

भट्टी_नं_३

बसव की. बिल तुझ्या नावावर काढू.

वकीलबाई

आत्ता कोर्टातनं आलो. (नवीन वाचकांसाठी: बाईमाणूसच आहे, कोल्हापूरची आहे, म्हणून 'आलो'.)

वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटते. सरकार म्हणजे एक डोकं नसतं. फाईल कुठल्या टेबलावर पडली यावर निम्मं ठरतं.

अमेरिकेचं बघा. तिथं शेअरबाजाराचं नियामक मंडळ वेगळं, वायदेबाजाराचं वेगळं. शेअरवालं मंडळ म्हणायचं, बरीचशी नाणी म्हणजे रोखे आहेत, आमच्याकडं नोंदणी करा. वायदेवालं म्हणायचं, बिटकॉइन हा माल आहे, गव्हा-तेलासारखा. आणि रोखा म्हणजे काय याची कसोटी १९४६ च्या एका निकालातली. फ्लोरिडात एकानं संत्र्याच्या बागेचे तुकडे विकले, मशागत आपल्याच कंपनीकडं ठेवली, नफ्यात वाटा देतो म्हणाला. न्यायालय म्हणालं, हे जमीन विकणं नव्हे. दुसऱ्याच्या कष्टावर नफा मिळेल म्हणून तुम्ही पैसे गुंतवलेत, म्हणजे हा रोखाच.

आपल्याकडच्या ज्येष्ठांना सागवानाच्या योजना आठवतील. नव्वदच्या दशकात एवढे पैसे भरा, तुमच्या नावानं झाडं लावतो, वीस वर्षांनी लाखो घ्या. झाडं कुणी बघितली? त्याच गोंधळातनं १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीचे नियम आले. संत्री असोत, साग असो, नाहीतर संगणकातलं नाणं, कायदा विचारतो की घाम कुणाचा आणि पैसे कुणाचे. गंमत अशी की बिटकॉइनला कंपनी नाही, मालक नाही, म्हणून ते या कसोटीत बसत नाही. त्या पोराचं कुत्र्याचं नाणं बसेलही. 'क्रिप्टो' या एका शब्दाखाली चार जातीचा माल आहे आणि प्रत्येक देश त्यातला वेगळा नग हातात धरून नियम करतोय.

आता भारत. २०१८ चं ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. लोक समजतात क्रिप्टो जिंकलं. निकालात रिझर्व्ह बँकेला असा अधिकार आहे हे मान्यच केलंय. मात्र या धंद्यामुळं बँकांचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं ते दाखवता आलं नाही, आणि आजारापेक्षा औषध जालीम झालं, म्हणून परिपत्रक गेलं. त्यानंतर रिझर्व्ह बँक अजून बंदीच्या बाजूची, अर्थखातं कर गोळा करणारं, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगचा कायदा लागू. तीन टेबलं, तीन शेरे. सातवी गल्ली, तुमच्या पोराला 'कायदेशीरही नाही, बेकायदेशीरही नाही' हे तुम्ही दिलेलं उत्तर वकिलाला शोभेल असं होतं.

वाळवंटी_पांढरा_रस्सा

दुबईतनं. चौदा वर्षं झाली, गाव कसबा बावडा. 'दुबईत कर नाही' हे खरं, पण तो क्रिप्टोवर खास मेहेरबानी म्हणून नाही. इथं माणसाच्या कमाईवरच प्राप्तिकर नाही, पगारावर नाही तर बिटकॉइनवर कुठला? पोराच्या दोस्ताला सांगा, फुशारकी कमी मार.

आणि इथं मोकळं रान नाही. २०२२ मध्ये क्रिप्टोसाठी वेगळं प्राधिकरण काढलं, परवाना घ्यायला कंपन्यांचा घाम निघतो, जाहिरातीवरसुद्धा नियम. त्याच वर्षी मार्चमध्ये अमिरातीला मनी लाँडरिंगवाल्या आंतरराष्ट्रीय गटानं करड्या यादीत, म्हणजे नजर ठेवायच्या देशांत, टाकलं होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर आले. म्हणजे धंदा तर बोलवायचाय आणि बदनामीही नकोय. तेल संपल्यावर काय, हा इथला कायमचा घोर. दिरहम डॉलरला बांधलेला, पैसा ये-जा करायला मोकळा, त्यामुळं शिलकीकाकांच्या भिंतीची इथं कुणाला फिकीर नाही. इथं भिंतच नव्हती.

तोक्योतला_पाहुणा

जपानवर कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. इथल्या कडकपणाचं मूळ चोरीत आहे. माउंट गॉक्स हे त्या वेळचं जगातलं सर्वात मोठं बिटकॉइन एक्स्चेंज तोक्योत होतं, २०१४ मध्ये बुडालं. साडेआठ लाख बिटकॉइन गायब म्हणून जाहीर केले, त्यातले दोन लाख नंतर सापडले. जपाननं बंदी नाही घातली. एप्रिल २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली. जानेवारी २०१८ मध्ये परत एका ठिकाणी चोरी झाली, सुमारे ५८०० कोटी येनची, आणि नियम आणखी आवळले: गिऱ्हाइकाची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी, बहुतेक माल इंटरनेटपासून तोडलेल्या तिजोरीत.

त्याचं फळ नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसलं. एफटीएक्स हे बडं एक्स्चेंज बुडालं, जगभरचे ग्राहक रांगेत. त्याच्या जपानी शाखेतल्या लोकांना फेब्रुवारी २०२३ पासून पैसे काढता यायला लागले. आणि ३० टक्क्याला रडणाऱ्यांनो, इथं मोठी कमाई असली तर क्रिप्टोच्या नफ्यावर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसत आलाय. जर्मनीत उलट, एक वर्ष धरून ठेवलं की खासगी माणसाला कर शून्य.

मातीतला_मल्ल

सगळ्यांनी सरकारं फार हुशार करून टाकलीत. भीती बघून नियम, वीज बघून नियम. मग अमेरिकेनं दोन वर्षांत कोलांटी कशी मारली? आधी सगळ्यांवर खटले. मग जानेवारी २०२४ मध्ये बिटकॉइनचे ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात मिळणारे फंड, मंजूर, तेही शेअरवालं मंडळ कोर्टात हरल्यावर. निवडणूक झाली आणि मार्च २०२५ मध्ये सरकारी बिटकॉइन साठ्याचा आदेश. अमेरिकेचा भूगोल बदलला का? खुर्ची बदलली. ज्यांनी निवडणुकीत पैसे ओतले त्यांचे नियम.

आणि नायजेरिया घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोचे व्यवहार करायला बंदी. लोकांनी काय केलं? आपापसात फोनवर सौदे. तिथलं चलन नायरा घसरत होतं, लोकांना डॉलर पाहिजे होता. ऑक्टोबरमध्ये सरकारनं स्वतःचं डिजिटल चलन आणलं, ते फारसं कुणी वापरेना. डिसेंबर २०२३ मध्ये बंदी उठवली. त्यात धोरण कुठलं? हात टेकले.

निवृत्त_शिलकी

मल्ल, खुर्चीचं मान्य. पण खुर्ची कुठलीही असो, अमेरिकेला एक सोय आहे जी आपल्याला नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांनी स्टेबलकॉइनचा, म्हणजे डॉलरला बांधलेल्या त्या नाण्यांचा, कायदा केला. डॉलरचं नाणं काढायचं तर मागं तितकेच डॉलर किंवा त्यांच्या सरकारचे अल्पमुदतीचे रोखे ठेवा. म्हणजे आपल्या उद्यमनगरातलं पोरगं शंभर डॉलरचं नाणं घेतं तेव्हा ते नकळत अमेरिकी सरकारला उसने देत असतं. अमेरिकेला ही डॉलरची निर्यात आहे. तेच नाणं मुंबईतनं बघितलं तर रुपयाला लागलेली गळती. एकाच नळाचं पाणी एकाच्या टाकीत पडतं आणि दुसऱ्याच्या टाकीतनं जातं, मग दोघं त्या नळाला सारखाच नियम कसा लावतील?

युरोप सगळ्यात नमुनेदार. २०२३ मध्ये सत्तावीस देशांसाठी एकच जाडजूड कायदा केला, डिसेंबर २०२४ अखेर पूर्ण लागू. पण त्यातही कोपऱ्यात एक ओळ आहे: युरो नसलेलं नाणं रोजच्या देवाणघेवाणीत दिवसाला १० लाख व्यवहार आणि २० कोटी युरोच्या वर गेलं की पुढं काढणं थांबवा. म्हणजे त्यांनाही डॉलरचीच धास्ती.

गडहिंग्लज_एस्टी

इथं लिहू का नको असं झालंय. आमच्या गावात एकानं स्वतःच्या कंपनीचं नाणं म्हणून ॲप दिलं होतं. महिन्याला दहा टक्के, आणि तीन माणसं जोडली की वर कमिशन. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले चार लाख घातले. ॲपवर ते नऊ लाख दिसतात, काढता येत नाहीत. हे कुठल्या नियमात येतं? चीनसारखी बंदी असती तर वाचलो असतो ना?

वकीलबाई

तुमच्या नावातलं गाव आधी काढा, त्या माणसाला कळेल तुम्ही लिहिताय ते. दुसरं, ॲपचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या बँक नोंदी, व्हॉट्सॲपवरची बोलणी, सगळं जपून ठेवा. ॲप उडवू नका. १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा, मग जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडं जा.

आणि बंदीचं म्हणाल तर ठरावीक परताव्याचं आमिष दाखवून अशा ठेवी गोळा करायला २०१९ पासून केंद्राच्या कायद्यानं बंदीच आहे. तुमचं नाणं बहुधा कुठल्याही साखळीवर (ब्लॉकचेन, म्हणजे खऱ्या नाण्यांची सामाईक वही) नसणार, नुसता ॲपमधला आकडा. सागाच्या जागी नाणं लिहिलं एवढंच. मला वैयक्तिक निरोप टाका, फी नाही.

सातवी_गल्ली

एवढं येईल वाटलं नव्हतं. पोराला काल बोलावून निम्मं वाचून दाखवलं. नळाचं पटलं त्याला. मग म्हणाला, "म्हणजे सरकारला माझा तोटा वजा करून द्यायचाच न्हाई, कारण मी हे करावं असंच त्येंला वाटत न्हाई. बंद करायला कोर्ट आडवं येतंय म्हणून म्हाग केलंय." मी दोन मिनिटं गप्प बसलो. बजेटच्या भाषणात हे वाक्य नाही, पण १ टक्का टीडीएस लागल्यावर बरेचसे सौदे परदेशी एक्स्चेंजवर गेले हे माझ्याच गिऱ्हाइकांत बघितलंय. चार्जिंगला लावलेला त्याचा फोन तेवढ्यात वाजला. किंमत वाढल्याची सूचना होती. कुत्र्याचीच.

कर भरला त्यानं, २०,९६०. पावती छापून मागितली, आईला दाखवायला.

गुजरीवाले, एक राहिलं. ते १४ कॅरेटचं काही घरात शिल्लक आहे का?

गुजरीवाला

आहे. आजीच्या दोन पाटल्या. तांबूस दिसतात, कसावर रेघ फिकट उमटते. गेल्या दिवाळीला बायको म्हणाली मोडून नवीन करू, घासून बघितल्या आणि परत डब्यात ठेवल्या. मोड द्यायला गेलं तर आजही चौदाचाच भाव येतो.